डेनिमचा कोट: खांदा सुटाचा ठेवायचा की कामगारी डगल्याचा?

कात्री_इंदूर

नमस्कार मंडळी. डेनिमच्या एका कोटाचं सॅम्पल बसवतेय, तिथे सल्ला हवाय.

समोरून पाहिलं तर साधा सिंगल ब्रेस्टेड कोट: नॉच लॅपल (कॉलरखाली खाच असलेला, छातीवर उलटलेला पल्ला), तीन बटणं, तयार लांबी ७२ सें.मी. जोडणी मात्र सगळी कामाच्या कपड्यांची. वरून लावलेले तीन खिसे, फेल शिवण (कडा आत दुमडून वरून टीप मारलेली), दुहेरी टीप, आत अस्तर नाही, आणि घरच्या मशीनमध्ये धुता आला पाहिजे. सकाळी ऑफिसात मीटिंग आणि दुपारी साइटवर धुळीत उभं राहणाऱ्या माणसांसाठी आहे. साईज ३८, अंगाची छाती ९६ सें.मी. कापड क्लॉथ मार्केटमधून आणलेलं, ८.५ औंस, शंभर टक्के सुती, पन्हा ५८ इंच, सॅन्फोराइज्ड (गिरणीतच आटवलेलं) म्हणून विकलेलं. पॅटर्न लोकरी ब्लेझरचाच वापरलाय.

आता अडचणी. बाहीच्या डोक्यावर चुण्या पडतात, वाफेची इस्त्री कितीही दिली तरी बसत नाहीत. दुसऱ्या धुण्यानंतर लॅपलवर फुगे आले. आत फ्यूजिंग बकरम (उष्णतेने चिकटणारं ताठ कापड) आहे, हातइस्त्रीने चिकटवलेलं. बाजूची शिवण धुतल्यावर पुढे सरकली. लॅपल जिथे मोडतो तिथे टीप उलटते आणि खालचा दोरा वर दिसतो. आणि शेवटची अडचण नजरेची आहे: तांबूस दोरा घातला की जीन्स जॅकेट वाटतं, निळा घातला की शाळेचा गणवेश.

कोटपण किती ठेवायचं आणि कामगारपण किती, हे कुठे ठरवायचं?

ग्वाल्हेरचे_मास्तर

ताई, पहिल्या अडचणीचं मूळ पॅटर्नमध्येच आहे. लोकर वाफेत आवळते आणि इस्त्रीखाली वळते, म्हणून बाहीच्या डोक्यात मुंढ्यापेक्षा (अंगावर बाही जोडतात त्या गोलाईपेक्षा) ३ ते ४ सें.मी. जास्त कापड घेऊन ते जिरवता येतं. सुताला तो गुण नाही. त्यात डेनिम दाट विणलेलं असतं, धाग्यांना सरकायला जागा नसते. लोकरीत जे काम इस्त्री करते ते डेनिममध्ये कात्रीने करावं लागतं, म्हणजे आकार शिवणींमध्येच कापून घ्यायचा. ही एक गोष्ट धरली की पुढचे निर्णय बरेचसे आपोआप होतात.

बाहीची उंची, म्हणजे काखेच्या रेषेपासून वरच्या डोक्याची उंची, कमी करा. तुमच्या ब्लेझरच्या पॅटर्नमध्ये ती १६ सें.मी.च्या आसपास असेल. ती १४ वर आणा आणि दंडाची रुंदी साधारण १.५ सें.मी. वाढवा. मग बाहीचा घेर आणि मुंढ्याचा घेर पुन्हा मोजा. फरक १ ते १.२ सें.मी.च्या वर नको, आणि तोही फक्त वरच्या भागात, पुढच्या आणि मागच्या खुणेच्या मध्ये. खालच्या अर्ध्यात शून्य. बाही अशी बसवली की हात खाली सोडल्यावर काखेजवळ एक तिरपी घडी पडते. ती चूक नाही. हात वर उचलायला जी मोकळीक मिळते तिचीच ती घडी आहे, आणि साइटवर काम करणाऱ्याला ती हवीच असते.

शिवण अंगाकडे झोपवा, शर्टासारखी. ब्लेझरमध्ये ती बाहीकडे झोपते आणि डोकं उभं राहतं. इथे तसं केलं तर आठ औंसाचे थर खांद्यावर वळकटीसारखे दिसतात. बाहीला १४ मि.मी. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड), मुंढ्याला ७ मि.मी. बाहीची माया मुंढ्याच्या मायेवरून गुंडाळायची आणि अंगावर टीप मारायची. फेल शिवण तयार होऊन ८ मि.मी.च्या वर नको, गोलाईत रुंद पट्टी ओढते. खांद्यात पॅड नको, बाहीच्या डोक्यात कापसाची पट्टीही नको.

फेल शिवण मारायची तर बाही सपाट असतानाच जोडावी लागते, आणि मग बाजू आणि बाही एका रेषेत बंद करायच्या. म्हणून ब्लेझरचा साइड पॅनल (काखेखालचा वेगळा तुकडा) काढून टाका. काखेखाली सरळ बाजूची शिवण ठेवा. बाही दोन तुकड्यांचीच ठेवा, नाहीतर कोपर सरळ नळीसारखं दिसतं आणि कोटपण तिथेच संपतं. कोपराची शिवण आधी फेल करून घ्यायची, काखेची सर्वांत शेवटी.

कमरेचा आकार कुठून काढायचा? तयार छाती १०७, तयार कंबर ९८ धरा. अर्ध्या अंगात ४.५ सें.मी. काढायचे आहेत: पाठीच्या मधल्या शिवणीत १, बाजूला २, आणि पुढे मुंढ्यातून खिशाच्या तोंडापर्यंत उतरणाऱ्या शिवणीत १.५. टक्स (आतून शिवलेल्या निमुळत्या चिमट्या) घालू नका. डेनिममध्ये टक्सचं टोक कधीच नीट विरत नाही, तिथे टेंगूळ राहतं, आणि चार धुण्यांत त्या टेंगळावरची नीळ झिजून पांढरा ठिपका पडतो. कामाच्या जॅकेटांवर छातीवरून कमरेकडे निमुळत्या जाणाऱ्या शिवणी असतात त्या दिसायला सजावट वाटतात, पण आकार त्याच देतात.

पाठीला योक (खांद्याखालचा आडवा वेगळा तुकडा) द्या. खांद्याच्या पात्यासाठी लागणारे दीड सें.मी. योकच्या शिवणीत गडप होतात. लोकरीत मागचा खांदा पुढच्यापेक्षा सेंटिमीटरभर मोठा ठेवून जिरवतात. इथे ४ ते ५ मि.मी.च्या पुढे जाऊ नका.

आधी मांजरपाटाचा नमुना शिवणार असाल तर जाडसर मांजरपाट घ्या. पातळ कापडावर सगळंच छान बसतं आणि डेनिमवर पुन्हा तेच रडगाणं.

ताणाबाणा_बडोदे

मास्तरांनी कटिंग सांगितलं, मी कापडाबद्दल लिहितो, कारण फुगे आणि सरकलेली शिवण या दोन्हींचं उत्तर कापडात आहे.

सॅन्फोराइज्ड म्हणजे अजिबात न आटणारं नाही. ते कापड अंदाजे १ ते ३ टक्के आटतंच. प्रक्रिया न केलेलं तर ७ ते १० टक्के जातं. फ्यूजिंग बकरमचं आटणं वेगळं असतं. खालचं कापड ३ टक्के आत गेलं आणि बकरम जागेवर राहिलं की जास्तीचं बकरम जाणार कुठे? फुगा होतो. दुसरं कारण खळ. ताण्याला (उभ्या धाग्यांना) विणण्याआधी खळ देतात, ती न धुतलेल्या डेनिमवर शिल्लक असते, आणि गोंद धाग्याऐवजी त्या खळीला चिकटतो. पहिल्या धुण्यात खळ गेली की गोंदही गेला. तिसरं, हातइस्त्रीचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. प्रेसवर साधारण १४० ते १५० अंश, १५ सेकंद आणि २ ते ३ किलो दर चौरस सें.मी. दाब लागतो, आणि तुकडा गार होईपर्यंत सपाट ठेवावा लागतो. गरम असताना उचलला तर धार सुटते.

घरी धुवायच्या कोटात मी फ्यूजिंग लॅपलमध्ये घालणारच नाही. धुऊन आटवलेला मांजरपाट तिरप्या कापात कापून शिवून बसवा. छातीलाही तोच, पण मोड-रेषेपासून (लॅपल उलटतो त्या रेषेपासून) आत ८ ते १० सें.मी. पुरे. फ्यूजिंग फक्त काजांच्या मागे पट्टीपुरतं ठेवा, तिथे ते चारी बाजूंनी शिवणीत अडकलेलं असतं.

आता सरकणं. डेनिम तीन-एक ट्विल आहे, बाण्याचा (आडवा) धागा ताण्याच्या तीन धाग्यांखालून आणि एकावरून जातो, म्हणून ताण एकाच दिशेला साठतो आणि धुतल्यावर कापड तिरपं होतं. हे मोजता येतं. ६० सें.मी.च्या तुकड्यावर ५०×५० चा चौकोन पक्क्या दोऱ्याने काढा. तीनदा धुऊन वाळवा. उभं-आडवं मोजा, मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांच्या फरकाची दुप्पट करून तिला कर्णांच्या बेरजेने भागा, गुणिले शंभर; तो तिरपेपणाचा टक्का. समजा कर्ण ६९.८ आणि ६८.४ आले तर २ टक्के. ७२ सें.मी. लांबीच्या कोटात खालची कड जवळजवळ दीड सें.मी. सरकणार. बाजूची शिवण पुढे का आली ते यातच आलं.

उपाय: कापायच्या आधी सगळं कापड धुवा. अडीच-अडीच मीटरचे तुकडे करा, कापलेल्या कडा ओव्हरलॉक करा, मशीन अर्धंच भरा. गच्च भरलं की घड्यांवर नीळ झिजून पांढऱ्या दोरखंडी रेघा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. वाळल्यावर कापड तिरपं दिसलं तर ओढून चौकोनी करू नका. ओढलेलं पुढच्या धुण्यात परत जातं. ताण्याच्या धाग्याला समांतर रेघ मारा आणि पॅटर्नचा उभा बाण तिच्यावर ठेवा, बस.

शिवून झाल्यावर धुवायचा पर्यायही आहे. मग पॅटर्न वाढवावा लागेल: उभं आटणं ३ टक्के असेल तर ७२ भागिले ०.९७, म्हणजे ७४.२ सें.मी. इथे एक चूक फार जण करतात: ७२ चे ३ टक्के काढून ७२ मध्ये मिळवतात. एवढ्या आटण्यात फरक एक मि.मी.हूनही कमी पडतो, पण ८-१० टक्के आटणाऱ्या कापडावर तोच अर्ध्या सें.मी.वर जातो. पण या कोटाला मी कापडच धुईन. शिवून धुतलं की लॅपलच्या धारा आणि खिशांची तोंडं पांढरी पडतात. जीन्सवर ते शोभतं, लॅपलवर कोट जुना वाटतो.

शेड सांभाळा. एका कोटाचे सगळे तुकडे थानाच्या एकाच भागातून, सगळे एकाच दिशेने. एखादा तुकडा उलटा फिरवला की उजेडात तो वेगळ्याच निळ्या रंगाचा दिसतो. त्यामुळे कापड थोडं जास्त जातं. ५८ च्या पन्ह्यात ३८ साईजला २.१ ते २.२५ मीटर धरा, आटण्याचं वेगळं.

कात्री_इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. चौकोन काढला आणि तीन धुणी झाली. उभं ४८.५, आडवं ४९.२, कर्णांवरून तिरपेपणा पावणेदोन टक्के. म्हणजे ताणाबाणा भाऊ म्हणतात तेच. कापड धुऊनच कापते.

राहिले दोरा, बटणं आणि लॅपलची मोड. आणि निळीचं काय? पांढऱ्या शर्टावर घातला तर कॉलर निळी होते. पाण्यात मीठ-फिटकरी घालून पक्की होईल का?

काजबटण

मीठ, फिटकरी, व्हिनेगर, काहीच उपयोग नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती धाग्याच्या बाहेरच्या थरात कण होऊन बसलेली असते आणि घासून निघते. सैल कण आधीच काढून टाकणं एवढंच आपल्या हातात आहे. कापड उलट्या बाजूने, थंड पाण्यात, डिटर्जंटने दोन-तीनदा धुवा. आणि कोटात जिथे शर्ट घासतो तिथे डेनिम येऊच देऊ नका: मानेच्या आतली पट्टी आणि कफाची आतली बाजू सुती कॅम्ब्रिकची (पातळ, दाट विणीच्या कापडाची) करा. पाठीच्या आत योकपुरतं कॅम्ब्रिक लावलं तर कोट अंगात सरकतोही छान. पूर्ण अस्तर नको. इंदूरच्या मे महिन्यात अस्तराचा कोट खुंटीवरच राहील.

खिशांच्या आतली कापडं पांढरी ठेवू नका, राखाडी घ्या.

दोरा. जीन्सवर सहसा टिकट ३० चा (टिकट म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा नंबर) जाड दोरा आणि तांबूस रंग असतो, तो लांबून ओरडतो. तुमच्या कोटाला वरच्या टिपेसाठी टिकट ५०, आतल्या शिवणीसाठी टिकट ७५. नंबर मोठा तसा दोरा बारीक, हे कारीगराला एकदा सांगून ठेवा, उलट समजून बसतात. रंग कापडापेक्षा एक छटा गडद. गणवेशासारखं दिसतंय ते निळ्या दोऱ्यामुळे नाही, टीप सपाट पडल्यामुळे. टाका ३ मि.मी. ठेवा, म्हणजे इंचात आठ-साडेआठ. बारीक टाक्याने डेनिम निर्जीव दिसतं. दुहेरी टिपेतलं अंतर ६ मि.मी., पहिली टीप धारेपासून १.५ मि.मी. वर. उजेड तिरपा पडला की त्या दोन ओळींमध्ये कापड किंचित उठलेलं दिसतं. कोटाचं रूप त्या उठावात आहे, रंगात नाही. वेगळा रंग हवाच असेल तर फक्त भार येतो त्या जागी, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यांच्या बारटॅकला (दाट टाक्यांच्या छोट्या पट्टीला). बाकी लांब शिवणी गप्प राहू द्या.

सुई टिकट ५० ला १६ नंबर. शिवणींच्या चौकात टाका सुटतो, कारण फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) चढावर पुढे वर उचलला जातो. फुटाच्या मागे त्याच जाडीची डेनिमची घडी सरकवा म्हणजे फूट सपाट राहतो. चौक शिवायच्या आधी लाकडी हातोडीने दोन-चार वेळा ठोका, थर चेपतात. मायाही पायऱ्यांनी कापा, एक ४ मि.मी., दुसरी ७. सगळ्या एकाच ठिकाणी संपल्या की बाहेरून रेघ उमटते.

रिव्हेटविषयी (धातूची ठोकलेली खिळी): १८७३ मध्ये जेकब डेव्हिस या शिंप्याने आणि लिव्हाय स्ट्रॉस यांनी खिशाच्या कोपऱ्याला रिव्हेट मारण्याचं पेटंट घेतलं ते कोपरे फाटत होते म्हणून. काम तेच आहे, भार वाटणं. पण मागच्या खिशांची रिव्हेटं खोगिरावर आणि खुर्च्यांवर ओरखडे काढत, म्हणून लिव्हायजने १९३७ मध्ये ती कापडाखाली झाकली आणि १९६६ मध्ये काढून बारटॅक दिले. तुमचा माणूस ऑफिसच्या खुर्चीत आणि गाडीच्या सीटवर बसणार. खालच्या खिशांना रिव्हेट नको. आतून २ सें.मी.चा डेनिमचा तुकडा ठेवून त्यावर १० ते १२ मि.मी. चा बारटॅक मारा. तुकडा ठेवला नाही तर खिसा टिकतो आणि त्याखालचं अंग फाटतं.

बटण ३२ नंबरचं, म्हणजे २० मि.मी., चार भोकांचं, शिंगासारख्या रंगाचं. दोऱ्याची मान ४ मि.मी. ठेवा, कारण वरच्या पल्ल्याची जाडीच तेवढी होते. मान आखूड राहिली की बटण लावल्यावर पल्ल्यावर खळगा पडतो. धातूची ठोकायची बटणं पुढे लावली की कोट संपून जॅकेट सुरू होतं. काज कीहोलचं (एका टोकाला गोल भोक असलेलं). आधी धुतलेल्या त्याच डेनिमच्या तुकड्यावर, तेवढेच थर आणि आतली पट्टी घेऊन, तीन काजं मारून बघा आणि मगच कोट मशीनखाली द्या. काज बिघडलं तर दुरुस्ती नाही.

ग्वाल्हेरचे_मास्तर

लॅपलची मोड राहिली होती.

लॅपल मोडतो त्या बिंदूपाशी कापडाची बाजू बदलते. त्याच्या खाली अंगाची सुलट दिसते, वर फेसिंगची (पल्ल्याला आतून जोडलेल्या पट्टीची). एकाच दमात टीप मारली की एका ठिकाणी खालचा दोरा वर येणारच. खालून बिंदूपर्यंत अंगाच्या सुलट बाजूने टीप मारा, एक टाका अलीकडे थांबा, दोऱ्याची टोकं १० सें.मी. लांब सोडा. मग कोट उलटा करून बिंदूपासून वर फेसिंगच्या बाजूने. चारही टोकं हातसुईने दोन थरांच्या मध्ये ओढून गाठ मारा. उलटी टीप मारून पक्की करू नका, तिथे दोऱ्याचा गोळा दिसतो आणि नेमकी नजर तिथेच जाते.

फेसिंग लॅपलच्या धारेला ३ ते ४ मि.मी. मोठी कापा, वरची कॉलरही तशीच. लोकरीत २ मि.मी. भागतात, डेनिमची जाडी वळायला जास्त खाते. कमी पडलं की कॉलरची टोकं वर वळतात आणि खालचं कापड डोकावतं. मोड-रेषेवर सुती फीत लावा, रेषेपेक्षा ४ ते ५ मि.मी. आखूड. जास्त ओढली तर डेनिम जिरत नाही, छातीवर चुण्या येतात.

खालची कॉलर ४-५ औंसाच्या शांब्रेची (डेनिमसारख्या दिसणाऱ्या पातळ सुती कापडाची), दोन तुकड्यांत, तिरप्या कापात. आत मांजरपाट. हाताने पॅडिंग (कॉलरला आतलं कापड टाक्यांनी बसवणं) करायला डेनिमवर बोटं सोलतात आणि गरजही नाही: टिकट ७५ च्या दोऱ्याने मशीनवर १ सें.मी. अंतराने समांतर ओळी मारा. कामाच्या कपड्यांच्या कॉलरला अशा ओळी असतातच. कॉलर उभी केली की त्या दिसतात, आणि कॉलरला ताठपणा देण्याचं सुटाचं काम त्याच करतात.

उभी_घडी

याच कापडाची पॅन्टही करणार असाल तर समोरच्या इस्त्रीच्या घडीवर दीड मि.मी. वर पिनटक (घडीच्या धारेलगतची बारीक टीप) मारून घ्या. सुतात घडी टिकत नाही, पिनटकने ती कायमची राहते आणि पॅन्ट फॉर्मल दिसते.

ताणाबाणा_बडोदे

पिनटकला माझा विरोध आहे, उभी_घडी भाऊ. लोकरीवर, टेरिकॉटवर चालतं. डेनिममध्ये नीळ धाग्याच्या वरच्या थरातच असते. घडीची धार सगळ्यात आधी घासते, तिथला निळा थर जातो आणि आतला पांढरा धागा उघडा पडतो. दहा-बारा धुण्यांत मांडीवरून पावलापर्यंत दोन पांढऱ्या रेघा, त्या काढता येत नाहीत आणि पिनटक उसवला तर रेघ आणखी उठून दिसते. घडी हवीच तर इस्त्रीने पाडा, संध्याकाळपर्यंत राहते.

पॅन्टचं फॉर्मलपण कमरेतून आणा. मागे योक जीन्सचाच ठेवा, ३.५ सें.मी.चे टक्स त्यात सामावतात. कमरपट्टा मात्र मागे मधोमध जोडाचा करा आणि मधल्या शिवणीत ४ सें.मी. माया सोडा. जीन्सचा अखंड पट्टा सैल-घट्ट करायचा तर पूर्ण उसवावा लागतो.

कात्री_इंदूर

पॅन्टचा विचार नंतर. पिनटक नाही, हे मात्र पटलं.

कापड धुऊन वाळत घातलंय, दोन तुकडे अडीच-अडीच मीटरचे. उद्या बाहीची उंची १४ करून जाड मांजरपाटावर मुंढा बसवून बघते. मास्तर, एक विचारायचं राहिलं: खांद्याची शिवण पुढे सरकवायची का?

ग्वाल्हेरचे_मास्तर

हो, सेंटिमीटरभर पुढे घ्या, योक खांद्यावरून पुढे येतो तेवढी. टीप पुढून दिसते आणि बॅग अडकवली तर पट्टा जाड शिवणीवर येत नाही. बाहीची वरची खूण मात्र खांद्याच्या मूळ रेषेवरच ठेवा, नव्या शिवणीवर नको. ती खूण सरकली की बाही पुढे फिरते.